रंगाशिवाय रंग



पत्रिकेवर माझे नाव पाहून आज बोनस किंवा महागाईभत्ता यावर काही ऐकायला मिळेल, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. चालकांचीही तीच कल्पना होती. मी विषय कळविला तेव्हा दोन दिवस त्यांच्याकडून काही निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशी चिटणीस घरी आले आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "अण्णा, धातूतून प्रकाश गाळायचा म्हणजे नेमके काय हो?" मी म्हटले, त्याच प्रश्नाचे उत्तर द्यायला मला तासभर लागणार आहे, तेवढा द्या म्हणजे झाले.

आधीच सांगून टाकतो, की मी शास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. सोळाव्या वर्षी कापडाच्या एका प्रोसेसमध्ये रंगखात्यात लागलो आणि तिथून युनियनच्या कामात पडलो. जे काही वाचले ते नगरवाचनालयात बसून, इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. तेव्हा माझ्या बोलण्यात चूक सापडली तर येथे बसलेल्या प्राध्यापक मंडळींनी शेवटी उभे राहून ती जरूर सांगावी. भर सभेत चूक दाखवून घेण्याची मला पुष्कळ सवय आहे.

या विषयाकडे मी वळलो तो काही ज्ञानाच्या ओढीने नव्हे. मला एका मॅनेजरने तिकडे ढकलले. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका प्रोसेसमध्ये पगारवाढीची बोलणी चालली होती. नाव घेत नाही, कारण नावाने काही अधिक कळणार नाही. आमच्या मागण्यांत एक मागणी अशी होती, की जिथे रंग कालवतात त्या खोलीत, म्हणजे आपण ज्याला कलर किचन म्हणतो तिथे, हवा बाहेर खेचणारे पंखे बसवावेत आणि कामगारांना रबरी हातमोजे द्यावेत. मॅनेजरने शांतपणे खिशातून एक कात्रण काढले आणि टेबलावर सरकविले. त्यात लिहिले होते, की शास्त्रज्ञांनी आता रंगद्रव्याशिवाय रंग तयार केला आहे. धातूच्या पातळ पडद्याला सूक्ष्म भोके पाडली की त्यातून लाल, हिरवा, निळा, हवा तो रंग बाहेर पडतो आणि डाय लागतच नाही. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही पंखे मागता आहात. दहा वर्षांनी रंगखातेच राहणार नाही."

माझ्या बरोबरच्या माणसांचे चेहरे उतरले. माझाही उतरला असेल. मला उत्तर देता येईना, कारण कात्रण खरे की खोटे हेच मला ठाऊक नव्हते. मी पुढची तारीख मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. रंगीत काचेतून दिवा पाहिला तर तो तांबडा दिसतो; याचा अर्थ काच दिव्याला तांबडा रंग देते असा नव्हे. दिव्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग आधीपासूनच असतात. काचेतले द्रव्य त्यांतले निळे, हिरवे खाऊन टाकते आणि तांबडे तेवढे जाऊ देते. खाल्लेल्या प्रकाशाची उष्णता होते. आमच्या रंगखात्यातला प्रत्येक डाय हेच करतो: त्याचा रेणू ठराविक रंगाचा प्रकाश गिळतो आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणजे रंग देणारा पदार्थ हा खरे म्हणजे रंग खाणारा पदार्थ असतो. पंचवीस वर्षे मी हात रंगवून घेतले, पण हे मला कोणी सांगितले नव्हते. विचारलेही नव्हते म्हणा.

आता दुसरी रीत पाहा. माझ्यापाशी दोन काचांच्या मध्ये ठेवलेला सोन्याचा वर्ख आहे. वर्ख आपल्याला मिठाईवरून ठाऊक आहे. हैदराबादेत चारमिनारच्या आसपासच्या गल्ल्यांत वर्ख कुटणाऱ्यांच्या हातोड्यांचा ठेका ऐकलेले लोकही येथे असतील. चांगला कुटलेला सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो, की एकावर एक दहा हजार ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर जाडी भरेल. वरून पाहिला तर तो सोन्यासारखा पिवळाच दिसतो. पण तोच दिव्यासमोर धरून आरपार पाहिला, तर उजेड हिरवा दिसतो! सोने तांबडा-पिवळा प्रकाश आरशासारखा परत फेकते आणि हिरवट-निळा थोडासा आत झिरपू देते. पिवळ्या धातूतून हिरवा उजेड आला, आणि मध्ये डाय कुठेही नाही.

या वर्खाच्या मागे वर्षभर हात धुऊन लागलेला मनुष्य म्हणजे मायकेल फॅरडे. विजेच्या शास्त्रातले त्याचे नाव शाळेतली मुलेही घेतात. पण माझ्यासारख्याला त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटतो तो निराळ्या कारणाने. तो लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी लंडनमध्ये एका बुकबाइंडरकडे उमेदवार म्हणून राहिला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता शिकला. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने ती व्याख्याने ऐकून टिपणे काढली, ती स्वतःच्या हाताने छान बांधली आणि डेव्हीकडे पाठवून दिली. पुढच्याच वर्षी त्याला तिथे नोकरी लागली. जाहीर व्याख्यानाला आलेल्या एका कामगार पोराने शास्त्राचा इतिहास बदलला, ही गोष्ट व्याख्यानमालांच्या चालकांनी कुठेतरी भिंतीवर लावून ठेवायला हरकत नाही.

तर या फॅरडेने १८५७ साली, वयाच्या पासष्टीत, सोने आणि प्रकाश यांच्या संबंधावर एक मोठे व्याख्यान दिले. त्याने वर्ख काचेवर चिकटवून तापविला, तेव्हा त्याचा हिरवेपणा गेला. मग त्याच जागी अकीकाच्या दगडाने दाबून घासले, तर हिरवा परत आला. सोने तेच, वजन तेच. त्याची आतली मांडणी तेवढी बदलली. पुढे त्याने सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसचा प्रयोग करून एक पाणी तयार केले. ते माणकासारखे लाल होते. त्यात सोन्याचे इतके बारीक कण तरंगत होते, की त्या काळच्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला दिसू नयेत. त्यात चिमूटभर मीठ टाकले की कण एकमेकांना चिकटून मोठे होत आणि लाल पाणी जांभळट-निळे होई. फॅरडेच्या त्या बाटल्या अजून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवल्या आहेत.

हे फार दूरचे वाटत असेल तर एक घरातली गोष्ट सांगतो. करोनाच्या साथीत घरच्या घरी तपासणी करण्याच्या पट्ट्या आपण पाहिल्या. त्या पट्टीवर उमटणारी तांबडी रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या अशाच बारीक कणांची असते. आपण नाकात काडी घालून फॅरडेचे माणीक पाहत होतो आणि पट्टी केरात टाकत होतो.

सोन्याच्या कणांची ही करामत फॅरडेच्याही फार आधीची आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातील एक रोमन काचेचा पेला आहे. त्यावर लायकर्गस राजाची कथा कोरली आहे. समोरून उजेड पडला की पेला हिरवा, आत दिवा ठेवला की तांबडा. तपासणीत असे आढळले, की त्या काचेत दहा लाख भागांत सुमारे ४० भाग सोने आणि ३०० भाग चांदी अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने मिसळलेली आहे. ज्या कारागिराने ती भट्टी लावली त्याला कण ठाऊक नव्हते, प्रकाशाच्या लहरीही ठाऊक नव्हत्या. म्युझियमच्या पाटीवर राजाचे नाव आहे. कारागिराचे कुठेच नाही.

आता भोके. येथे मला एक माप सांगावे लागेल. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर ४०० ते ७०० नॅनोमीटर लांब असते. निळी आखूड, तांबडी लांब. धातूच्या पडद्याला जर या लहरीहून बारीक भोक पाडले तर काय होईल? १९४४ साली हान्स बेथे या मोठ्या पदार्थवैज्ञानिकाने गणित करून सांगितले, की असल्या भोकातून प्रकाश जवळजवळ जाणारच नाही. भोकाचा व्यास निम्मा केला, तर भोकावर पडलेल्या प्रकाशातला जो वाटा पलीकडे जातो तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. हाल्याला सुईच्या नेढ्यातून घालण्याचाच प्रकार. लोकांनी ते मानले आणि तो विषय तिथे थांबला.

तो पुन्हा उघडला तो थॉमस एबसेन या नॉर्वेत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने. १९८० च्या दशकाच्या शेवटी तो जपानमध्ये एनईसी या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. भोके पाडलेला धातूचा एक पडदा त्याने सहज उजेडासमोर धरला, आणि जिथून काहीच दिसायला नको तिथून त्याला उजेड दिसला. पडदा कुठेतरी फाटला असेल असे कोणीही म्हणाले असते. या माणसाने ते डोक्यातून जाऊ दिले नाही. कारण सापडायला जवळजवळ दहा वर्षे लागली आणि १९९८ साली त्याने सहकाऱ्यांसह निबंध प्रसिद्ध केला. चांदीचा २०० नॅनोमीटर जाडीचा थर, त्यात १५० नॅनोमीटर व्यासाची भोके, आणि दोन भोकांमधले अंतर बरोबर ९०० नॅनोमीटर. हिशेब केला तर पडद्याच्या शंभर भागांत जेमतेम दोन भाग भोके. पण एका ठराविक लहरीचा प्रकाश, तोही डोळ्याला न दिसणारा अवरक्त, भोकांवर जेवढा पडत होता त्याच्या दुपटीहून अधिक पलीकडे जात होता! म्हणजे भोकांच्या मधल्या बंद धातूवर पडलेला प्रकाशसुद्धा वाट काढून भोकापर्यंत येत होता.

हे कसे होते? धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात. एखाद्या हौदातले पाणी समजा. प्रकाश पडला की या इलेक्ट्रॉनांच्या पृष्ठभागावर लाट उठू शकते. तिला शास्त्रात प्लास्मॉन म्हणतात. गुळगुळीत धातूवर प्रकाशाला ही लाट उठविता येत नाही, कारण दोघांची पावले जुळत नाहीत. पण सारख्या अंतरावर भोके असली की जुळतात. मला हे कळले ते जुन्या आठवणीने. आमच्या खात्यात कापडाचा ओला बीम हलवायचा असला की आठ माणसे लागत. आठांनी आपापल्या मर्जीने जोर लावला तर बीम जागचा हलत नसे. मग एकजण हाळी देई आणि बाकीचे तिच्यावर एकदम जोर करीत. माणसे तीच, जोर तोच. हाळीने बीम चाले. भोकांमधले सारखे अंतर म्हणजे ही हाळी. त्या अंतराशी ज्या रंगाची लहर जुळते, त्या रंगाचा जोर एकवटतो, लाट होऊन भोकातून उतरतो आणि पलीकडे पुन्हा प्रकाश होऊन बाहेर पडतो. बाकीचे रंग परत फेकले जातात.

आणि अंतर बदलले की रंग बदलतो. एबसेन आणि त्याचे सहकारी यांनी पुढे ३०० नॅनोमीटर जाडीच्या चांदीच्या पडद्यात तीन चौकोन केले: एकात भोकांचे अंतर ३०० नॅनोमीटर, दुसऱ्यात ४५०, तिसऱ्यात ५५०. पहिल्यातून निळा उजेड आला, दुसऱ्यातून हिरवा, तिसऱ्यातून तांबडा. चांदी एकच. ज्याने रंगखात्यात तीन रंगांसाठी तीन पिंपे, तीन बारदाने आणि तीन वेळा धुणे पाहिले आहे, त्याने हे वाचले तर तो क्षणभर पुस्तक मिटून ठेवतो. मी ठेवले होते.

याचा उपयोग कुठे? तुमच्या खिशातल्या फोनमध्ये. फोनच्या कॅमेऱ्यातली चिप स्वतः रंगांधळी असते. तिला फक्त उजेड कमी की जास्त एवढेच कळते. म्हणून तिच्या प्रत्येक बारीक घरावर तांबडे, हिरवे किंवा निळे गाळणे बसवितात. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी १९७५ साली ही चौकट मांडली. तीत निम्मी घरे हिरवी आणि उरलेली तांबडी व निळी असतात. ही गाळणी आजही रंगद्रव्याचीच असतात, आणि तीन रंगांसाठी थर देणे, उजेड दाखविणे, धुणे ही कामे तीन वेळा करावी लागतात. कडक उन्हात आणि उष्णतेत रंगद्रव्य विटते, हे आपल्याला शर्टाच्या कॉलरवरून ठाऊक आहे. धातूच्या एकाच थरात निरनिराळ्या अंतरांची भोके एकाच वेळी पाडली, तर तिन्ही रंग एका फेरीत होतात. अमेरिकेत कॅल्टेक संस्थेतल्या मंडळींनी २०१२-१३ च्या सुमारास अॅल्युमिनियमच्या थरात अशी भोके पाडून ती कॅमेऱ्याच्या चिपवर बसवून दाखविली. अॅल्युमिनियम यासाठी, की सोने निळा प्रकाश खाते आणि चांदी हवेने काळी पडते, हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे. अॅल्युमिनियम स्वस्त, आणि स्वतःच्या गंजाचेच चिलखत घालून बसते.

टीव्हीच्या पडद्याचेही तेच. मागच्या दिव्यातून निघालेल्या उजेडातला दहा टक्क्यांहूनही कमी आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. बाकीचा वाटेतल्या थरांत जिरतो, आणि त्यात रंगगाळण्याचा वाटा मोठा असतो, कारण तीन रंगांतले दोन तिथे जाळावेच लागतात. मिशिगन विद्यापीठात जे गुओ यांच्या प्रयोगशाळेने २०१० साली अॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये दुसऱ्या पदार्थाचा थर घालून, त्याच्या बारीक पट्ट्या करून, असे रंग काढले. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली तर एक संपूर्ण रंगीत चित्र छापले, त्याची बाजू ५० मायक्रॉन. म्हणजे केसाच्या जाडीहून कमी. एका इंचात एक लाख ठिपके. याहून बारीक छापणे प्रकाशाच्या स्वभावातच बसत नाही.

इतके वाचल्यावर मला वाटले, मॅनेजर जिंकला.

पण मी आणखी वाचले. आणि जाहिरातीत जे नसते ते निबंधाच्या मधल्या पानांत असते, हा माझा ताळेबंद वाचण्यातला अनुभव येथेही खरा ठरला. पहिली गोष्ट, चांगले रंगद्रव्याचे गाळणे आपल्या रंगाचा ऐंशी टक्के उजेड पलीकडे जाऊ देते. धातूच्या भोकांचे गाळणे साधारणपणे तीस ते पन्नास टक्के देते, कारण इलेक्ट्रॉनांची लाट धातूत धावताना काही उजेड उष्णतेत घालविते. दुसरी गोष्ट, उजेड तिरका आला की भोकांचे अंतर त्याला निराळे भासते आणि रंग सरकतो. तिसरी गोष्ट भोके पाडण्याची. प्रयोगशाळेत ती आयनांच्या किंवा इलेक्ट्रॉनांच्या बारीक झोताने एकेक करून पाडतात. नखाएवढ्या जागेला तासन् तास लागतात. यावर उपाय म्हणून १९९५ साली स्टीफन चौ यांनी ठशाने नक्षी उठविण्याची रीत काढली: एकदा ठसा कोरायचा आणि मऊ थरावर दाबून हजारदा छापायचे. हे वाचून मला हसू आले. लाकडी ठशाने चादरी छापणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. माल निराळा, माप निराळे, पण हात तोच.

पुढच्या बैठकीला मी एक कागद घेऊन गेलो. त्यावर एक हिशेब होता. साडी साडेपाच मीटर लांब आणि एक मीटरहून थोडी अधिक रुंद, म्हणजे सहा चौरस मीटर. ती हिरवी करायची तर ४५० नॅनोमीटरवर एक या हिशेबाने तीस लाख कोटी भोके लागतील. मी मॅनेजरना म्हटले, "साहेब, भोके पाडायला सुरुवात केव्हा करता? आमची माणसे तयार आहेत." ते हसले. त्यांचे हसणे मला आवडले. माणूस वाईट नव्हता, त्याने स्वतः ते कात्रण पुरते वाचले नव्हते एवढेच. चुरगळणाऱ्या, पिळल्या जाणाऱ्या, उन्हात वाळणाऱ्या कापडासाठी हे तंत्र नव्हेच. ते चिपसाठी आहे, पडद्यासाठी आहे, नोटेवरच्या खुणेसाठी आहे. रंगखाते या भोकांतून वाहून जाणार नव्हते.

येथे मी थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. पण दोन गोष्टी राहिल्या.

पहिली आमच्या मामांची. मामा म्हणजे कोणाचेच मामा नव्हेत. सगळे खाते त्यांना मामा म्हणे. मी लागलो तेव्हा मला रंग कालवायला त्यांनी शिकविले. उघड्या हाताने, कोपरापर्यंत. भुकटी उडे ती नाकातोंडात जाई, आणि घरी गेल्यावर थुंकी निळी पडे. साठी गाठायच्या आत त्यांना लघवीतून रक्त जाऊ लागले. मूत्राशयाचा कर्करोग निघाला. इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, आयुष्यभर कोणते रंग हाताळले? मामांना डब्यांचे रंग आठवत होते, नावे नव्हती. कारखान्यात विचारायला गेलो; कोणी कोणता रंग किती वर्षे कालवला याची नोंद कोणत्याही वहीत नव्हती. मामांचा रोग रंगानेच झाला असे मी म्हणत नाही, कारण मला ते सिद्ध करता आले नाही आणि आता कधी येणारही नाही. पण जर्मनीत लुडविग रेन या शल्यवैद्याने १८९५ सालीच दाखवून दिले होते, की फुक्सिन हा रंग करणाऱ्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी दिसतात. बेन्झिडिनपासून होणाऱ्या रंगांवर आपल्याकडे बंदी आली ती १९९० च्या दशकात. मधल्या शंभर वर्षांत किती हात कोपरापर्यंत बुडाले असतील! मॅनेजरच्या कात्रणात रंगद्रव्य जाणार म्हणून आम्हाला भीती घातली होती. खरे सांगतो, वाचनालयात बसून वाचताना माझ्या मनात एकदा आले होते, की जात असले तर जाऊ दे. युनियनच्या माणसाने असे म्हणू नये. पण मनात आले.

दुसरी गोष्ट त्या विचाराला उत्तर देणारी आहे. भोके पाडायची ती कुठे? धूळ नसलेल्या बंद खोलीत; तिला क्लीन रूम म्हणतात. पांढरे झगे, टोप्या, मुखपट्ट्या. चित्र पाहिले तर वाटते, किती ही स्वच्छता. पण ती स्वच्छता चिपसाठी असते. माणसाच्या अंगाची धूळ चिपवर पडू नये म्हणून झगा; आम्लाची आणि द्रावणांची वाफ माणसाच्या अंगात जाऊ नये ही व्यवस्था निराळी लागते आणि निराळी मागावी लागते. दक्षिण कोरियात सॅमसंगच्या चिपच्या कारखान्यात काम करणारी एक तरुण मुलगी २००७ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिचा बाप टॅक्सी चालविणारा. मुलीला काय झाले याचे उत्तर मागत तो वर्षानुवर्षे दारे ठोठावीत राहिला. त्याच्याभोवती इतर आजारी कामगार आणि त्यांचे नातलग जमले. अकरा वर्षांनी, २०१८ च्या नोव्हेंबरात, कंपनीने जाहीर माफी मागितली आणि भरपाई कबूल केली. ती मुलगी ज्या खोलीत काम करीत होती तिथे रंगाचा थेंब नव्हता. भिंती पांढऱ्या होत्या.

तेव्हा कलर किचनची मागणी आम्ही सोडली नाही. पगारवाढ मागितली त्याहून कमी मिळाली, हे मी येथे कबूल करतो; काही सभासद त्याबद्दल अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण पंखे बसले, हातमोजे मिळाले, आणि एक वही सुरू झाली. तीत रोज कोणता रंग, कोणत्या कंपनीचा, किती किलो, कोणी कालवला हे लिहितात. सुरुवातीला पोरे हसत. आता ज्याचे नाव लिहायचे राहते तो स्वतः येऊन विचारतो. हातमोजे उन्हाळ्यात घालवत नाहीत, घामाने हात सडतात, ही तक्रार खरी आहे. तिच्यावर तोड अजून निघालेली नाही.

माझी वेळ संपत आली आहे. हा वर्ख मी येथे टेबलावरच्या दिव्याशेजारी ठेवतो. जाता जाता एकेकाने उचलून दिव्यासमोर धरावा आणि आरपार पाहावे. काचा वेगळ्या करू नका, श्वासानेही वर्ख फाटतो. दोन ठिकाणी तो माझ्याच हाताने फाटला आहे. तिथून नुसता पांढरा उजेड दिसेल, त्याच्या बाजूला पाहा. मुलांना आधी येऊ द्या.